जिताडा सोडताना: दोन हंगामांची नोंदवही

मी खाडीत गळाने जिताडा मासा धरतो आणि मोठा असला की परत सोडतो. माझ्या वहीत सुरुवातीपासून तीन रकाने होते: भरतीची वेळ, लांबी, ल्युअर म्हणजे खोटं आमिष. चौथा रकाना मागच्या हंगामात आखला. त्यात फक्त सेकंद लिहितो, म्हणजे मासा पाण्याबाहेर किती वेळ होता तेवढंच. आता प्रगती बघायची झाली की मी लांबीच्या रकान्याकडे जात नाही, हा उघडतो.

पंचाहत्तर सेंटिमीटरच्या वरचे आठ जिताडे लागले. त्यांचे सेकंद ओळीने असे: 240, 95, 110, 70, 40, 55, 22, 17. जागा कुंडलिकेची खाडी, रेवदंडा-साळावच्या आसपास. नेमकी जागा सांगणार नाही, तुम्हीही सांगितली नसती.

पहिला आकडा घड्याळावर मोजलेला नाही, फोनमधल्या फोटोंच्या वेळांवरून काढलाय. पहिला फोटो आणि शेवटचा फोटो यांत चार मिनिटं. एक्याऐंशी सेंटिमीटरचा मासा, जेट्टीवर दोरीनेच वर ओढलेला. गरम काँक्रीटवर दोन-तीनदा आपटला, मग लिप ग्रिपने, म्हणजे जबडा धरायच्या चिमट्याने, पकडून उभा टांगला आणि मी, माझा मित्र, मित्राचा भाऊ असे सगळ्यांचे फोटो झाले. सोडला तेव्हा शेपटी मारून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीला कांदळवनाच्या मुळांत अडकून पडलेला दिसला. तोच होता. खालच्या जबड्यातल्या पातळ पडद्याला ग्रिपने पाडलेलं भोक होतं, आणि ज्या कुशीवर आपटला होता तिथले खवले तळहाताएवढ्या जागेतून गेलेले. खेकड्यांनी डोळ्यापासून सुरुवात केली होती.

पोहत गेला म्हणजे जगला, हे माझ्या डोक्यातून त्या सकाळी गेलं.

मग वाचायला लागलो. ऑस्ट्रेलियात जिताड्याला बॅरामुंडी म्हणतात आणि तिकडे त्याच्यामागे अख्खा देश वेडा आहे, त्यामुळे ग्रिपचा प्रयोगही थेट याच माशावर झालेला सापडला, 2009 साली छापलेला. ग्रिपने तोंडाच्या तळच्या पडद्याला भोकं पडली, आणि एक्स-रेत मणक्यांची रांग सरकलेली दिसली. आपण विचार केला तर कळतं. मासा जन्मभर पाण्यात आडवा तरंगतो. पोटातला ऐवज खालून पाण्याने तोललेला असतो. आठ-दहा किलोचं ते धूड जबड्याच्या एका टोकावर उभं टांगायचं, तर सगळा भार कुठे येणार? लहान माशाला ते एक वेळ चालून जातं. मोठ्याला नाही, आणि आपण टांगतो नेमका मोठ्यालाच.

ग्रिप मी टाकून दिली नाही. पाण्यातल्या पाण्यात डोकं स्थिर धरायला ती बरी पडते. पण तिच्या दांड्यातला वजनकाटा आता बघतच नाही. वजन हवंच असेल तर लांबी आणि पोटाचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले 29000. किलो येतात. पाव-अर्धा किलो इकडेतिकडे होतो, पण मटणाचं दुकान नाही आपलं.

पंचाण्णवच्या नोंदीपुढे 'ग्लोव्ह' एवढंच लिहिलंय. पकड चांगली बसावी म्हणून सुती हातमोजे घातले होते. मासा सोडल्यावर बघतो तर मोज्यांवर चिकट थर आणि त्यात खवले. ती बुळबुळ म्हणजे माशाचं कातडीवरचं कवच. ती पुसली गेली की जंतू आणि बुरशीला दार उघडं. आता हात आधी खाडीत बुडवतो, ओल्या उघड्या हातानेच धरतो. मोजायची चटईही ओली. कोरडं काहीच माशाला लावायचं नाही, टॉवेल तर नाहीच नाही.

एकशे दहा हा आकडा माझ्या रक्ताचा आहे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते. हे ऐकून होतो, लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा जाड तुकडा, त्यावर कापला गेल्याचंही पाहिलं होतं. तरी गडबडीत बोटं झाकणाखाली घातली. माशाने डोकं झटकलं. मधल्या बोटाला तीन टाके. मी बोट धरून नाचत असताना मासा चिखलात पडून होता, म्हणून ते एकशे दहा. तात्पर्य काय, तर कल्ल्यात बोटं घालून मोठा मासा उचलायचा प्रकार दोघांनाही वाईट: आपलं बोट जातं आणि त्याच्या आतल्या लाल झालरी फाटतात, ज्यांनी तो श्वास घेतो. आता एक हात शेपटीच्या बारीक भागावर, दुसरा छातीच्या परांच्या मागे पोटाखाली. मासा आडवा, पाण्यापासून वीतभर वर, निसटला तर पाण्यातच पडेल असा. पाठीवरचे काटे उभे राहतात ते तेवढे सांभाळायचे.

गळ बदलले, हा सगळ्यांत कठीण निर्णय होता. ल्युअरवर दोन ट्रेबल हुक असतात, म्हणजे सहा टोकं. त्यातली दोन तोंडात आणि एक डोळ्याच्या बाजूला, असं तीनदा झालं. शिवाय जाळीत गेला की उरलेली टोकं जाळीत अडकतात, आणि सेकंद तिथेच जातात. म्हणून दोन्ही ट्रेबल काढून एकेरी गळ लावले आणि टोकामागचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकला. काढायला आता एक वळण पुरतं. बऱ्याचदा जाळीत दोरी सैल पडली की गळ आपोआपच सुटतो.

किंमत मोजावी लागली. जिताडा पाण्याबाहेर उडी मारून तोंड उघडं टाकतो आणि कल्ले फडफडवत डोकं झटकतो, तुम्हाला माहीतच आहे. चेपलेल्या गळावरून त्या उडीत या हंगामात चार मासे गेले. त्यातला एक चांगला होता. पहिल्या दोघांच्या वेळी मी मोठ्याने शिव्या दिल्या. आता दोरी ताणलेली ठेवायला शिकलोय, रॉडचं टोक खाली, उडी यायच्या आत. चारातले दोन तरी माझ्याच चुकीने गेले असं वहीत लिहिलंय.

जिवंत बोईट, म्हणजे छोटा मासा, आमिष म्हणून लावून बसणाऱ्यांसाठी एक वेगळं. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरा आणि झटका मारायची सवय मोडा. नुसतं गुंडाळत जायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात येऊन बसतो. साध्या गळाने बोईट गिळू दिलं तर गळ घशापलीकडे जातो. तसा गेलाच तर पक्कड आत खुपसत बसू नका. दोरी तोंडाजवळ कापा आणि सोडा, त्याची जगायची शक्यता त्यातच जास्त. त्यासाठीच स्टेनलेसचे गळ घ्यायचे नाहीत, साधे घ्यायचे, म्हणजे गंजून जातील.

सत्तरवरून चाळीसवर आलो ते जाळीमुळे. आधीची जाळी गाठींची, नायलॉनची. तिने पर फाटायचे आणि बुळबुळ खरवडली जायची. आता रबरी, गाठी नसलेली, खोल झोळीची घेतली. खोल असण्याला महत्त्व आहे, कारण मासा जाळीत पण पाण्यातच राहतो. गळ पाण्यात काढायचा, फोन बाहेर काढायचा, जोडीदाराला उभं करायचं, उजेड बघायचा, आणि मगच मासा वर. जेट्टीही सोडली. तिथून मासा उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. आता होड्या चढवायच्या उतारावर गुडघाभर पाण्यात उभा राहतो. जागा कमी सोयीची आहे, चिखल आहे, सँडल दोनदा गेली.

सेकंदांवर एवढा जोर का, असं एकाने विचारलं. कॅनडात 1992 साली छापलेला एक प्रयोग आहे, रेनबो ट्राउटवरचा. दमेपर्यंत पळवून मग हवेत न काढलेल्या माशांपैकी 12 टक्के बारा तासांत मेले. 30 सेकंद हवेत धरलेले 38 टक्के. 60 सेकंदवाले 72 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला नाजूक प्राणी, जिताडा आपला गढूळ खाडीतला दणकट गडी, तेव्हा आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण चढण बघा. शर्यत धावून आल्यावर कोणी आपलं नाक-तोंड दाबलं तर काय होईल, तेच. तेव्हापासून मासा वर घेताना मी स्वतःचा श्वास धरतो. मला हवा लागली की तो पाण्यात. घड्याळापेक्षा हे बरं चालतं.

पंचावन्नच्या नोंदीत सेकंद वाईट नाहीत, पण वाईट दिवस तोच. मे महिना, दुपारचे दोन, भांगाचं, म्हणजे लहान भरती-ओहोटीचं, जवळजवळ उभं पाणी. वीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली बारीक दोरी, लावली होती, 'मजा येते' म्हणून. मजा माझी, बारा मिनिटं. जाळीत आला तेव्हाच कुशीवर झाला. कोमट पाण्यात प्राणवायू मुळात कमी आणि त्यात तो पुरता दमलेला. सोडला की उलटा व्हायचा. डोकं प्रवाहाकडे करून धरायला प्रवाहच नव्हता. मी आधी त्याला पुढे-मागे ढकलत होतो, सगळे व्हिडिओत तसंच करतात. ते चूक आहे. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. मग त्याला धरून पुढेच चालत राहिलो, गोल गोल, गुडघाभर चिखलात, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. वीस मिनिटांनी कल्ल्यांची उघडझाप एका लयीत आली, शेपटीने माझ्या मुठीला जोर लावला आणि गेला. जगला की नाही, त्यापुढे वहीत प्रश्नचिन्ह आहे. आता चाळीस पौंडी ब्रेड, साठ पौंडी लीडर, आणि मे महिन्यात सकाळी नवानंतर रॉड गाडीत.

जेट्टीवर एक काका जाळं विणत बसतात. आख्खी हयात या खाडीत गेलेली. माझा पहिला सोडलेला मासा बघून म्हणाले, "ये बाला, येवरा मावरा सोरलास? येरा झालास का?" त्यांचं चूक नाही. आमच्या खारेपाटात लोक घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवतात, पाहुण्यासाठी राखून ठेवतात. त्याला हात लावून परत सोडणं म्हणजे लक्ष्मीला लाथ. मी त्यांना सांगितलं की जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, तेव्हा खाडीतले थोराड म्हणजे बहुतेक सगळ्या माद्या, लाखांनी अंडी घालणाऱ्या. पावसाळ्यात त्या खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात उतरतात. मोठा मासा विकला की पुढचे लहान कोण देणार? काकांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "मंग बारका खातस का?" खातो. दोन-अडीच किलोचा, वर्षाला तीन-चार. लपवायचं काय त्यात.

बावीस सेकंदांचा मासा या हंगामातला सर्वांत मोठा. पहाटे, भरती भरत आलेली, पुलाच्या खांबाच्या सावलीत ल्युअर थांबवला आणि रॉड वाकला. तीन मिनिटांत जाळीत. जाळीतच टेप लावली: लांबी 92, घेर 55, म्हणजे साधारण साडेनऊ किलो. मित्राने फोन तयार धरला होता. वर उचलला तेव्हा पाणी माझ्या कोपरांवरून ओघळत होतं आणि कडेच्या उन्हात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा तांबूस चमकला. दोन फोटो, खाली. खाली घेताच मला भिजवून गेला, धरून ठेवायची गरजच पडली नाही.

जाता जाता दोन गोष्टी. मोठं पाकट लागलं तर त्याच्याशी फोटो काढायला जाऊ नका. शेपटीवरचा काटा विषारी आहे, लांबूनच दोरी कापा. शिंगाळ्याच्या काट्याचंही तेच. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, त्याने ठणका उतरतो, आणि मग डॉक्टरकडे. बोटीवरून खोल पाण्यात जिगिंग करणाऱ्यांना, म्हणजे जड ल्युअर खालीवर झटकणाऱ्यांना, हेकरूचं पोट तोंडातून बाहेर आलेलं दिसतं. ते टोचून फोडू नका. आतली हवेची पिशवी फुगल्यामुळे ते बाहेर येतं. वजन लावून मासा परत खोल सोडायची साधनं मिळतात, ती घ्या. मी अजून वापरलेली नाहीत, म्हणून एवढंच.

आणि सतरा. त्या दिवशी एकटाच होतो. रॉडच्या दांड्यावर दर दहा सेंटिमीटरला रंगीत टेपच्या खुणा केल्यात, त्याच्याशी लावून पाण्यातच मोजला, ऐंशीच्या थोडा पुढे. गळ जाळीतच निघाला. वर घेतला तो फक्त जाळीतून बाहेर काढून प्रवाहाकडे वळवायला, तेवढेच सतरा. फोटो नाही. निघताना काकांना हातांनी लांबी दाखवली. त्यांनी जाळ्यावरून नजर न उचलता सांगितलं, "सोरलेल्या मावऱ्याची लांबी किती पन सांगता येते, बाला."