एडियल: डॉ. जॉन्सनची बंद पडलेली शाळा

बर्मिंगहॅमहून ट्रेनने लिचफिल्डला आलेले लोक तीन उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल बघतात, ब्रेडमार्केट स्ट्रीटवरचं, इंग्रजीची प्रसिद्ध डिक्शनरी लिहिणाऱ्या डॉ. सॅम्युअल जॉन्सनचं जन्मघर बघतात आणि परत जातात. मीही दोन्ही बघितलं, म्युझियम तर अजिबात चुकवू नका, पण मला ओढ होती ती एडियलची. बर्नटवूडच्या रस्त्यावर साधारण तीन मैल. १७३५ मध्ये जॉन्सनने तिथे बोर्डिंग स्कूल काढलं होतं.

त्याची डिक्शनरी यायला अजून वीस वर्षं होती. पैसे संपले म्हणून ऑक्सफर्ड अर्धवट सुटलेलं, हातात डिग्री नाही, अंगाला सतत झटके, चेहरा वेडावाकडा व्हायचा आणि त्यापायी सॉलिहलच्या शाळेतली नोकरीही हुकली, मग नुकतंच लग्न केलेल्या बायकोच्या, टेटीच्या पैशातून, म्हणजे सुमारे सहाशे पौंडांतून, ह्याने स्वतःचीच शाळा उघडली. १७३६ मध्ये मासिकात जाहिरात दिली की इथे लॅटिन आणि ग्रीक शिकवलं जाईल. जॉन्सनचा मित्र बॉस्वेल, त्याने लिहिलेल्या जॉन्सनच्या चरित्रात विद्यार्थी दिलेत फक्त तीन! त्यातले दोन गॅरिक बंधू.

जुन्या चित्रात दिसते ती उंच छपराची चौकोनी इमारत आता नाही. अरुंद फूटपाथ, बाजूला झुडपांचं कुंपण, गाड्या अगदी अंगावरून गेल्यासारख्या जातात. आसपासची घरं खाजगी आहेत, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायचं. तरी मी बराच वेळ रेंगाळलो, कारण इथेच पोरं मास्तरांच्या बेडरूमच्या दाराच्या भोकातून आत डोकवायची आणि त्यातला डेव्हिड गॅरिक पुढे मोठेपणी जॉन्सन-टेटीची नक्कल करून लोकांना हसवायचा. मला ते ऐकून हसू येत नाही खरं तर, त्या माणसाने सगळं पणाला लावलं होतं हो.

शाळा दीडेक वर्षात बुडाली. मार्च १७३७ मध्ये गुरू-शिष्य एकत्रच लंडनला निघाले, जॉन्सनकडे 'आयरीन' हे अर्धवट नाटक होतं, त्यातलं बरंचसं एडियललाच लिहिलेलं. तोच डेव्हिड गॅरिक इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट झाला, आणि १७४९ मध्ये ड्रुरी लेन थिएटर त्याच्या हातात असताना त्याने मास्तरांचं नाटक रंगमंचावर आणलं. नऊच प्रयोग झाले, पण जॉन्सनला सगळे मिळून जवळपास तीनशे पौंड मिळाले. तेव्हा टेटी हयात होती, ह्याचं मला फार बरं वाटतं.