लीथमधील दुपारचा एक

एडिनबरोच्या किल्ल्यावर रविवार वगळता दुपारी एक वाजता तोफ डागतात. प्रवासी तिची छायाचित्रे घेऊन पुढच्या ठिकाणी जातात. या शहरात संसार मांडायला आलेल्या माणसाच्या दिनक्रमात मात्र ती तोफ मुरत जाते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही येथे आलो आणि लीथमध्ये एका जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यावर घर भाड्याने घेतले. लीथ हे बंदर, १९२० मध्ये एडिनबरोत विलीन होईपर्यंत वेगळे गाव. नव्या शहरात मला कोणीच ओळखत नव्हते, त्यामुळे सुरुवातीला मी एकटीच पुष्कळ चालले. कॅल्टन टेकडीवर गेले की खाली फोर्थची खाडी दिसते. तिथल्या नेल्सन स्मारकावर १८५२ मध्ये एक मोठा गोळा बसवला होता. तो बरोबर एकला खाली पडे आणि बंदरातील जहाजे त्यावरून आपली घड्याळे लावत. समुद्रावरचे धुके गोळा झाकून टाकी, म्हणून १८६१ मध्ये तोफ आली. ध्वनीला मात्र वेळ लागतो. कोणत्या भागात किती सेकंद वजा करावेत हे वर्तुळांनी दाखवणारा नकाशाच त्या वर्षी छापला गेला, कारण घड्याळात चार सेकंदांची चूक झाली तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान एका सागरी मैलाने चुकते. त्या वजाबाकीवर खलाशांचे प्राण अवलंबून असत, हे कळल्यापासून मला त्या आवाजाविषयी आदर वाटतो.

आमचे घर किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे, म्हणजे तोफ ऐकू येते ती एक वाजून जवळजवळ नऊ सेकंदांनी. त्या दबक्या आवाजाला लागूनच बंदराकडच्या खोलीत खिशातल्या घड्याळाचे झाकण मिटावे तसा एक बारीक ‘खट्’ आवाज होई. तोफेच्या हादऱ्याने खिडकीची चौकट हलत असावी, असे मी धरून चालले आणि नवऱ्याला काही सांगितले नाही. तो कामाच्या दिवशी दुपारी घरी नसेच.

रविवारी तोफ नसते. तरीही एका रविवारी, मी त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या करत असताना, तो आवाज झाला. पुढच्या रविवारी मी फोनवरील घड्याळ समोर ठेवून बसले. एक वाजला, सगळे शांत होते, आणि नऊ सेकंद गेल्यावर खिडकीपाशी झाकण मिटले. किल्ल्यावर कोणी तोफ डागली होती आणि तिचा आवाज त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या कोणाला तरी ऐकू आला होता, असेच ते होते. मला भीती वाटली नाही. एखाद्याच्या महत्त्वाच्या कामात आपण नकळत येऊन बसलो आहोत, असा संकोच वाटला.

त्यानंतर मी रविवारी त्या वेळी त्या खोलीत बोलत नसे. नवराही तिथे वाचत बसलेला असे आणि तोही, का कोण जाणे, बोलत नसे. हिवाळा लागल्यावर एका रविवारी, तो आवाज होऊन गेल्यावर, त्याने पुस्तकातून मान वर न करता विचारले, “इतर दिवशीही नऊच सेकंद लागतात का गं?”

मी हो म्हटले. घर बदलायचे का, असे त्याने विचारले; मी नको म्हटले, आणि महिनाअखेरीस आम्ही भाडेकरार वाढवून घेतला.