पाणी उतरल्यावर

फोन वाजला की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फुलं आली का?" साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे. चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, संध्याकाळी चुलीवरची भाकरी. 2012 साली कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून आमच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागली. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत खोली मागून मिळत नाही. मे महिन्यात मात्र लोक महाबळेश्वर-पाचगणीला जातात आणि आम्हाला विचारतात, "उन्हाळ्यात तुमच्याकडे बघायला काय असतं?"

मला हा प्रश्न लागतो. करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर होतात त्या वैशाखात. मुंबईला माथाडीत असलेली आमच्या जावळीची निम्मी माणसं घरी येतात ती जत्रेला, याच दिवसांत. देवाचा छबिना रात्रभर गावातून फिरतो, बंद घरांची कुलपं निघतात. फणस उतरवायचा, आंब्याची आढी लावायची, पापड-कुरडया वाळवायच्या, हे सगळं मृग लागायच्या आत. आणि शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरतं. पाणी उतरणं ही बघण्याची गोष्ट आहे, हे मला मात्र गेल्या वर्षीपर्यंत कळलेलं नव्हतं.

रोहिणी लागून दोन दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी सांगली जिल्ह्यातून एक कुटुंब आलं होतं. पंच्याहत्तरीच्या आसपासचे आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि दहा-अकरा वर्षांची नात. मुलानं फोनवर खोली ठरवताना फुलांचं काहीच विचारलं नव्हतं. "वडिलांना पाणी बघायचंय," एवढंच म्हणाला होता. मला वाटलं, बोटिंग करायचं असेल.

पहाटे साडेचारला आमच्या सासूबाई चीक शिजवायला बसल्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, रात्रभर ठेवून वरचं पाणी काढून टाकलं की खाली पांढराशुभ्र चीक बसतो. उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून तो ओतायचा आणि हात न थांबवता घाटायचा. एक क्षण हात थांबला की गुठळी होते. दोन बायकांचं काम आहे ते, एकीनं ओतायचं, दुसरीनं घाटायचं. आम्ही दोघी त्यातच होतो तेव्हा आजोबा मागच्या दारानं आत आले आणि काही न विचारता चुलीजवळच्या पाटावर बसले. सासूबाईंनी वाटीत गरम चीक काढून त्यावर दूध-साखर घातली आणि त्यांच्यापुढे ठेवली. चीक चकाकायला लागला की घरातल्या पोरांना वाटी मिळते. त्या दिवशी ती त्यांना मिळाली.

"कुठलं गाव म्हणायचं तुमचं?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी सांगलीकडचं गाव सांगितलं नाही. दुसरंच नाव घेतलं. सासूबाईंचा हात थांबला. चिकाला गुठळी झाली, ती मी पळीनं मोडली.

"माझी चुलत मावशी दिलेली होती तिथं," त्या म्हणाल्या. "भैरोबाच्या देवळाचं जोतं अजून दिसतं बघा, पाणी खाली गेल्यावर."

"आता दिसत असंल?"

"आता न्हाई तर कधी? मे संपत आला की."

कोयना धरणाचा हिशोब असाच चालतो. धरणाचं वर्ष 1 जूनला सुरू होतं आणि 31 मेला संपतं. 105 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) या साठ्यातलं 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला वीज करण्यासाठी वळवायची मुभा आहे, शिवाय पूर्वेला शेतीसाठी सोडतात ते वेगळं. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात जलाशय सगळ्यात खाली गेलेला असतो. एरवी अंगणातून निळा दिसणारा सागर तेव्हा मधल्या पट्ट्यापुरता उरतो आणि दोन्ही काठांना गाळाची तपकिरी जमीन उघडी पडते. त्यात कुठे गाळपेर करतात, कुठे गुरं सोडतात. मी लग्न होऊन आल्यापासून ते बघत आले होते. पाहुण्यांना ते उघडंबोडकं दिसेल म्हणून उन्हाळ्यातले फोटो मी कुणाला पाठवत नसे.

आजोबांचं गाव 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत उठलं. घराचे वासे, तुळया, कौलं सोडवून बैलगाडीत घातली. दगड राहिले. सांगलीकडे जमीन मिळाली, काळी, सपाट. "वडलांना डोंगराबिगर झोप यायची न्हाई," ते म्हणाले. मग 11 डिसेंबर 1967 चा भूकंप झाला, तेव्हा ते तिकडेच होते. पहाटे अंथरुणातून उठून बाहेर पळाले, आणि अंगणात उभं राहून वडील पहिलं वाक्य बोलले ते भैरोबाविषयी. पाण्याखाली देऊळ पडलं असेल का, एवढीच त्यांना काळजी.

चूक माझी झाली. सकाळी ऊन चढायच्या आत त्यांना पाठवायला हवं होतं. पण कुरडया घालायच्या होत्या, पुण्याचं एक जोडपंही मुक्कामाला होतं, त्यांचा नाश्ता राहिला होता. मी म्हटलं, दुपारी ऊन उतरलं की जाऊ, तीनला. ही वेळ वळवाची असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळपासून अंगाची काहिली होत होती, पश्चिमेला वासोट्याच्या डोक्यावर ढगांचे कापसासारखे ढीग चढत होते. गच्चीवर साड्या अंथरून आम्ही दीडशे-दोनशे कुरडया घातल्या आणि ढगांकडे बघून सासूबाई दोनदा बोलल्या, तरी मी बेत बदलला नाही.

दिरांची बोट आहे. आजोबा, त्यांचा मुलगा, नात आणि मी असे चौघे त्यांच्याबरोबर निघालो. आजोबांना आधार लागेल म्हणून मी गेले. अर्ध्या तासानं बोट गाळाला टेकली. काठाजवळचा गाळ पोटरीपर्यंत आत जायचा, पुढे मात्र वाळून त्याची खापरं झालेली. पायाखाली ती कडकड मोडत होती. मधूनच शिंपले, एखादं जळकट दिसणारं खोडाचं बुंधं.

आधार लागलाच नाही. बोटीतून उतरताना ज्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते आजोबा गाळ संपताच पुढे झाले. आम्ही मागे. "हा पार. इथं पिंपळ. हिथनं वाट वळायची." आम्हाला दिसत होते नुसते दगड, काही ओळीत, काही विस्कटलेले. देवळाचं जोतं मात्र कुणीही ओळखलं असतं. घडीव दगड, तीन पायऱ्या, कडेला शेंदूर कधीच धुऊन गेलेली एक शिळा. त्यांनी चपला काढल्या. तापलेल्या दगडावर कपाळ टेकलं, आणि उठून लगेच उजवीकडे चालायला लागले. ओठांत काहीतरी मोजत होते. मोजणं संपलं तिथं थांबले.

तिथं काहीच नव्हतं. मुलगा हळूच म्हणाला, "दादा, राहू द्या, साठ वर्षं झाली." ते ऐकतच नव्हते. खाली बसून हातानं गाळाची खापरं उचलायला लागले. नात जवळ बसली. मग मीही बसले. वीतभर गाळ निघाला आणि खाली सपाट दगड लागला. दगडाच्या मधोमध गोल चिरलेला गाळ होता, ताटलीएवढा.

"उखळ," ते म्हणाले.

जमिनीत बसवलेलं ते दगडी उखळ होतं. आतला गाळ कोरडा, घट्ट. नातीनं एका काटकीनं तो खरवडला, मी बोटांनी उपसला. आत इवल्या गोगलगायींचे रिकामे शंख होते, ते तिनं ओंजळीत गोळा केले. तळाला हात पोचला तेव्हा मला दगड गुळगुळीत लागला, वाटीच्या आतून लागावा तसा. बाहेरचा दगड खरखरीत आणि आत असा. "वरी सडायची आई हितं," आजोबा म्हणाले. "मी पलीकडं बसायचो, उडालेले दाणे येचायला." आणि ते खरंच उखळाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसले.

तेवढ्यात दिरांची हाक आली. वाऱ्याची दिशा फिरली होती. समोरचा डोंगर दिसेनासा झाला आणि सागराच्या पाण्यावरून धुळीचा पडदा आमच्याकडे येऊ लागला. मी उठले, मुलगा उठला. आजोबा म्हणाले, "जरा थांबा की." दीर धावत आले. बोट त्यांनी गाळावर ओढून दोर मोठ्या दगडाला बांधला होता. "आता पाण्यात जायचं न्हाई. हितंच बसायचं, खाली," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून मला पहिल्यांदा भीती वाटली. उघडं माळरान, वीज चमकत होती, आसऱ्याला झाड नाही. झाड असतं तरी त्याखाली गेलो नसतो. देवळाच्या जोत्याच्या खालच्या अंगाला आम्ही पाचही जण उकिडवे बसलो. नातीला मी पदराखाली घेतलं.

आधी गारा आल्या. बोरांएवढ्या, तडातडा दगडांवर उडणाऱ्या. मग पाऊस. पाऊणएक तास तो आमच्या पाठीवर कोसळत होता आणि मी मनातल्या मनात भैरोबाला म्हणत होते, हे पाहुणे माझ्या भरवशावर आलेत, यांना धड घरी पोचव. पाहुणचार म्हणजे जेवणखाण आणि स्वच्छ चादरी, असं मी समजत होते. त्या पाऊण तासात ते सगळं मला फार थोडं वाटलं.

पाऊस ओसरला तसा मातीचा वास असा उठला की पोरगी तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागली. ती उठून उखळाकडे पळाली. ते काठोकाठ भरलं होतं आणि वर गारा तरंगत होत्या. तिनं एक तोंडात टाकली, एक आजोबांना नेऊन दिली. ती त्यांनी खाल्ली. परत जाताना गाळ लोण्यासारखा झालेला. दीर आणि मुलगा दोन्हीकडून त्यांना धरून गुडघाभर चिखलातून बोटीपर्यंत आले. आता त्यांना आधार लागत होता. पाणी शांत झाल्यावरच दिरांनी इंजिन सुरू केलं.

घरी वीज गेलेली. कुरडया वाचल्या होत्या. पुण्याच्या जोडप्यानं, सासूबाईंनी आणि आजोबांच्या सुनेनं साड्यांची चारही टोकं धरून त्या तशाच्या तशा पडवीत आणल्या होत्या. कडेच्या दोन-तीन डझन भिजल्या, त्यांचा लगदा झाला, तो गुरांना गेला. पुण्याच्या बाई मला सांगत होत्या की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गच्चीवरून वाळवण उचललं, आणि त्यांचा चेहरा सणासारखा दिसत होता. मी सगळ्यांना आलं घालून चहा दिला. रात्री नाचणीची भाकरी, फणसाची भाजी, करवंदाचं लोणचं. आजोबा दोनच घास जेवले.

नऊच्या सुमाराला ओढ्याच्या अंगाला काजवे लागले. वळीव पडून गेला की ऐन आणि हिरड्याच्या झाडांवर ते येतात, आणि पाऊस एकदा लागून राहिला की जातात. त्यातला लुकलुकत उडणारा बहुतेक नर, मादी खाली पानावर बसून त्याला उत्तर देते. बॅटरीचा झोत पडला की त्यांना एकमेकांचा इशारा दिसत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे, मोबाइल घरात, बोलणं हळू. मी नातीला घेऊन गेले. झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "आजोबा लहान होते तेव्हा पण हे होते?" मी म्हटलं, त्यांनाच विचार.

आजोबा आले नाहीत. पडवीत कंदिलाशी ते आणि सासूबाई बसले होते. ते एकेक घर सांगत होते, पारापासून सुरू करून, आणि सासूबाई त्यातल्या कुणाची लेक कुठे दिली होती ते सांगत होत्या. मी झोपायला गेले तेव्हा ते वरच्या आळीला पोचले होते.

यंदा एप्रिल संपता संपता त्यांच्या मुलाचा फोन आला. फोन आजोबांनी हातात घेतला. "पाणी किती उतरलंय, पोरी?" मी दिरांना बोटीनं पाठवलं. ते बघून आले, देवळाची खालची पायरी अजून दोन हात पाण्यात आहे. मी आजोबांना तसं कळवलं, आणि या वेळी सकाळी सातलाच निघायचं, हेही सांगितलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मागच्या दाराजवळची खोली मी कुणाला दिलेली नाही. गहू त्याच बेतानं भिजत घालणार आहे.