गच्चीवरचं पिंप, नोंद 4: सदतीस लिटरचे पाच कुठे झाले?

गेल्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की पिंप बसलं, आता कुंड्यांना पंपाशिवाय पाणी. सोसायटीच्या मीटरवर पंप चालवायला सेक्रेटरी तयार नाहीत, म्हणून हा उताराचा खटाटोप. तानसा तलावाचं पाणीही 1892 पासून शहापूरकडून असंच उतारानं मुंबईत येतंय; माझी तर पंधरा मीटरची नळी.

तोटीपासून पाण्याची पातळी दीड मीटर उंच. टॉरिचेलीच्या सूत्रानं (घर्षण न धरता, नुसत्या उंचीवरून वेग देणाऱ्या) वेग सेकंदाला 5.4 मीटर. नळी 'अर्धा इंची' म्हणून घेतली, व्हर्नियर (बारीक मापं घेणारी पट्टी) लावला तर आतून 12 मिमी. म्हणजे मिनिटाला 37 लिटर! 20 लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरायला हवी होती.

भरली 4 मिनिटं 10 सेकंदांत.

मग डार्सी-वाइसबाख काढलं, म्हणजे नळीच्या घर्षणात किती उंची जाते ते सांगणारं सूत्र. घोळ असा की त्यातला घर्षणांक (नळी पाण्याला किती अडवते त्याचा आकडा) वेगावर अवलंबून आणि वेग घर्षणांकावर. एक वेग धरायचा, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा) काढायचा, ब्लासियसच्या 1913 च्या सूत्रात (0.316 भागिले रेनॉल्ड्सचं चतुर्थ मूळ) घालायचा, नवा वेग काढायचा आणि पुन्हा फिरवायचं. तीन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो. रेनॉल्ड्स 13,000 च्या आसपास, घर्षणांक 0.03, वेग जेमतेम सेकंदाला 0.87 मीटर. मिनिटाला 5.9 लिटर. दीड मीटर उंचीतली जवळजवळ सगळी नळीच्या भिंतीला घासण्यात गेली.

तरी बादली 3 मिनिटं 22 सेकंदांत भरायला हवी. उरलेला चोर सापडला तो जॉइनरमध्ये, म्हणजे नळीचे तुकडे जोडणाऱ्या सांध्यांत. कंजूसपणा करून जुने तुकडे जोडले होते, पाच जॉइनर, आतून फक्त 8 मिमी. पाणी आकसतं, पुन्हा फुगतं, आणि दर जॉइनर साधारण सव्वा मीटर नळीइतकी उंची खातो. म्हणजे माझी 15 मीटरची नळी खरं तर 21 ची! हे धरलं की हिशोब 4 मिनिटं 2 सेकंदांवर येतो. बादली भरेपर्यंत पिंपातली पातळीही सात-आठ सेंटीमीटर उतरते, त्यात आणखी तीनेक सेकंद. बाकीचे पाच मी सोडून दिले.

प्लंबर म्हणाला, "साहेब, नळी बारीक घ्या, प्रेशर वाढेल." तोटीवर अंगठा धरला की धार लांब जाते, त्यावरून ही समजूत. पण तिथे पाणी कमी वाहतं, म्हणून घासणीही कमी होते आणि वाचलेली उंची तोंडाशी धार होऊन निघते. आख्खी नळी बारीक केली तर ती घासण्यातच संपेल.

आता पाऊण इंची, 19 मिमीची, अखंड नळी आणायची. कागदावर मिनिटाला 20 लिटर येतायत. नळी कठड्यावरून नेताना मध्येच उंचवटा झाला तर तिथे हवा अडकते, म्हणून यावेळी सरळ भिंतीलगत क्लिपा मारणार. बादली आणि स्टॉपवॉच तयार आहे.