बाल्टिमोरची माती आणि दादरचे प्रश्न

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सध्या माझी यथेच्छ थट्टा चालली आहे. अमेरिकेत राहून हा करतो काय, तर शनिवारी सकाळी फावडं घेऊन बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतलं बेसबॉलचं मैदान दुरुस्त करायला मातीत उभा राहतो! शाळेपासूनचा माझा एक मित्र इथंच पोरांना क्रिकेट शिकवतो. त्याला तर हे पटतच नाही. "लेका, मैदानात दुरुस्त काय करायचं? रोलर फिरवा, स्टंप ठोका, सुरू व्हा!"

बेसबॉलचं मैदान फार नखरेल असतं हो. आपल्याकडे खेळपट्टी धड असली की बाकीच्या खड्ड्यांत आपण आयुष्य काढतो. तिथं चेंडू सरपटत मातीवरून येतो आणि पोरगं त्याच्यावर वाकलेलं असतं. माती उखणलेली असली की चेंडू उसळून थेट तोंडावर. म्हणून वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं प्रमाण सांभाळायचं, किंचित उतार द्यायचा. त्यातून लहान मुलांसाठी दोन बेसमधलं, म्हणजे धावत गाठायच्या टप्प्यांमधलं, अंतर ६० फूट, मोठ्यांसाठी ९०.

मैदान दुरुस्त करणाऱ्या आम्हा मंडळींचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मातीची कड. खेळताना उडालेली माती गवताच्या काठाशी साचत जाते, तिच्यावर गवत चढतं आणि हळूहळू बांध तयार होतो. मग पावसाचं पाणी आतच अडतं. मोसमाआधी आम्ही ती कड दाताळ्यानं खरवडून काढतो. डबकं मात्र झाडूनं लोटायचं नाही, पाण्याबरोबर चांगली माती जाते. स्पंजानं टिपायचं. हे ऐकून मित्र म्हणाला, "तुझ्या त्या मंडळींना एकदा मुंबईच्या कांगा लीगला आण." भर पावसाळ्यात खेळणारे आपण, आपल्याला स्पंज दाखवायचा म्हणजे विनोदच!

पण गरीब वस्तीत हे सगळं करणार कोण? पालिकेकडे माणसं नाहीत, आणि चांगलं खेळायचं तर पैसे भरून गावोगाव फिरणाऱ्या संघात जावं लागतं. १९९०च्या सुमाराला मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, साधारण १८ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय अमेरिकन होते. २०२४च्या मोसमारंभी ते ६ टक्के उरले. मैदानं हे त्यातलं एकच कारण, पण ते डोळ्यांना दिसतं. जॉन यंग या माजी खेळाडूनं १९८९मध्ये लॉस एंजेलिसच्या अशाच वस्त्यांत मुलांना पुन्हा खेळाकडे आणायचा उपक्रम सुरू केला, तो पुढे देशभर पसरला.

आमच्या बाल्टिमोरमध्ये रिपकेन भावांनी, म्हणजे कॅल आणि बिली या माजी बेसबॉलपटूंनी, वडिलांच्या नावानं काढलेली संस्था आहे. तिनं देशभरात शंभराहून जास्त मैदानं उभारली. त्यातलं एक जुन्या मेमोरियल स्टेडियमच्या जागेवर आहे. शहराचा मेजर लीगमधला ओरिओल्स संघ १९९१पर्यंत तिथं खेळायचा, मग स्टेडियम पाडलं. आता तिथं वस्तीतली पोरं खेळतात. या संस्थेची मैदानं बहुतेक कृत्रिम गवताची. जुलैत ते तव्यासारखं तापतं, मला ते मनापासून आवडत नाही. पण रोज पाणी घालायला माळी नसेल तर दुसरं करणार काय?

मित्राचा खरा प्रश्न नंतर आला. "चांगलं झाल्यावर तिथं खेळतं कोण?" आझाद मैदानावर वीस सामने एकमेकांत घुसून चालतात, कुणी कुणाला हाकलत नाही. तिकडे परवाना लागतो. परवाना नसलेली मुलंही येतात, पण परवानावाले आले की निमूट उठतात. आणि अर्ज कोण वेळेवर भरतं? ज्यांच्याकडे लेटरहेड आणि वेळ असलेले पालक आहेत तेच. आमचं मैदान धड झालं त्याच वर्षी दूरच्या उपनगरातल्या एका पैसेवाल्या संघानं सगळ्या संध्याकाळी मागितल्या होत्या.

आम्ही पालिकेच्या बैठकीला जाऊन भांडलो. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ आता शेजारच्या शाळेच्या मुलांसाठी राखीव आहे, फी नाही. त्या संघाला शनिवार दुपार मिळाली. त्यांचे पालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.