इंदूरला गेले, एक साडी घेतली

शनिवार, जानेवारी

मावशीकडे सुट्टीला आलं की यादी नसते, हे सगळ्यात मोठं सुख. पुण्यात मी खरेदीला निघते ती मोबाइलमध्ये यादी घेऊन, आणि पार्किंगची धास्ती घेऊन. इथे मावशीनं सकाळीच जाहीर केलं, "आज राजवाड्याकडे जाऊ. घ्यायचं काही नाही, नुसतं हिंडू." काकांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "म्हणजे दुपारचं माझं मीच वाढून घ्यायचं ना?"

घरून चहाच तेवढा घेतला होता, कारण कोपऱ्यावर पोहे होतेच. इंदुरी पोहे आपल्या पोह्यांसारखे कढईत परतत बसत नाहीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवलेली असते आणि ते वाफेवरच गरम राहतात, म्हणून दहा वाजले तरी मऊ. फोडणीत बडीशेप, वर कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि चिमूटभर जीरावन मसाला. ओलं खोबरं नाही म्हणून मी पहिल्या घासाला जरा नाक मुरडलं, दुसऱ्या घासाला विसरले. शेजारी गरम जिलबी. पाकाचा ओघळ पोह्यांत शिरला तरी इथे कुणाचं काही बिघडत नाही, उलट मावशी मुद्दाम बुडवून खाते.

राजवाडा मला नेहमीच समोरच्या बागेतून बघायला आवडतो, अहिल्याबाईंच्या पुतळ्यापाशी उभं राहून. सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. १९८४च्या दंगलीत वाड्याचा बराच भाग जळाला होता, मग पुन्हा उभा केला. आत गेलो नाही. मावशी म्हणाली, "वाडा कुठे पळून जातोय!" आणि आम्ही गल्ल्यांत शिरलो.

बर्तन बाजार, बजाजखाना, मारोठिया, शीतलामाता बाजार. ओळीनं म्हणते खरी, पण कुठली गल्ली कुठे संपते ते मला आजही कळलं नाही. मारोठियात मसाल्यांच्या वासानं शिंका आल्या. जीरावनाचं पाकीट तिथेच घेतलं. जिरं, धणे, आमचूर, सुंठ, हिंग, काळं मीठ आणि आणखी काय काय. घरी करून बघायच्या फंदात मी पडणार नाही.

साडी घ्यायची नव्हतीच. पण शीतलामाता बाजारात एका दुकानदारानं आमचं मराठी ऐकलं आणि हिंदी सोडून सरळ "या ताई, बसा" म्हणाला, तिथेच आम्ही हरलो. गादीवर बसलो, चहा आला, आणि महेश्वरी साड्यांचा ढीग पडायला लागला. उभा धागा रेशमी, आडवा सुती, त्यामुळे हातात घेतली की वजनच लागत नाही. महेश्वरच्या किल्ल्यावरच्या नक्षीतून काठांवर उतरलेली चटाई, ईंट म्हणजे वीट, चमेलीचं फूल, हे त्यानं बोट ठेवून दाखवलं. मावशीनं मात्र आधी काठ उलटून पाहिला. खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी कुठूनही नेसा. मग पदर उलगडून पाच पट्टे मोजले. दुकानदार हसून म्हणाला, "आता तुम्हीच विका." निळसर राखाडी, मोरपंखी काठाची घेतली. साडेचार हजार सांगितले, मावशीनं चार हजारांवर आणले, आणि एवढ्या घासाघिशीनंतरही त्यानं दुसरा चहा पाजला. पुण्याच्या दुकानांबद्दल मी इथे काहीच लिहीत नाही.

संध्याकाळी छप्पन दुकान नावाच्या खाऊगल्लीत चक्कर मारली. आता तिथे फरशी, बाकं, दिवे, सगळं चकाचक. २०१७पासून सलग कितीतरी वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळवलेलं शहर आहे, ते दिसतंच. खोबऱ्याचं सारण भरलेलं खोपरा पॅटीस छान होतं. पण मला तिथे मॉलमध्ये आल्यासारखं वाटतं.

खरी मजा सराफ्यात. नऊच्या सुमाराला सोन्याची दुकानं शटर ओढतात आणि त्याच पायऱ्यांवर कढया चढतात. दिवसा जिथे अंगठ्या तोलल्या, तिथे रात्री पाव किलोचा एकेक जलेबा तळला जातो. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण हवेत उडतो आणि एक थेंब न सांडता हातात परत येतो, पण मी बघत बसले ते चिमटीकडे. एकाच चिमटीत तीन-चार मसाले उचलायचे आणि एकेक वेगवेगळा सोडायचा. मीठ वेगळं, तिखट वेगळं. इतक्या जवळून बघूनही कसं ते कळलं नाही.

भुट्ट्याचा कीस, म्हणजे मक्याची कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेली, आम्ही एकात दोघींनी खाल्ला. गराडू मात्र वाटून घेतला नाही. कोनफळाच्या जातकुळीतला हा कंद फक्त थंडीत मिळतो. फोडी एकदा तळून ठेवलेल्या असतात, आपण मागितल्यावर पुन्हा कढईत जातात. मग वर लिंबू आणि मसाला. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ, आणि जीभ पोळल्याशिवाय चव कळत नाही. मधेमधे मोमो आणि चॉकलेट सँडविचच्या गाड्याही दिसल्या. त्यासाठी इंदूरला कशाला यायचं?

घरी पोचेस्तोवर साडेबारा होऊन गेले. काका जागेच होते. साडी उलगडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितली, "रंग चांगलाय" म्हणाले, आणि मग पिशवीत डोकावून, "आणि गराडू?"