चार ओळींची वही

स्वतःचा स्वभाव ओळखायचा असेल, तर रोज थोडं लिहा. त्यासाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून शंभर पानी साधी वही घ्या. भारी डायरी घेतली की अक्षर जपण्यातच वेळ जातो. लिहायचं रात्रीच्या जेवणाआधी. अंथरुणात पडून लिहायला घेतलं, तर दोन ओळींत डोळा लागतो.

रोज एकच प्रसंग, चार ओळी: काय झालं, अंगात काय जाणवलं, तोंडून काय निघालं, त्याआधी काय चाललं होतं. ‘मी चिडका आहे’ हा निकाल झाला, नोंद नव्हे. नोंद अशी: ‘संध्याकाळी ६.४०, नळ स्टॉपचा सिग्नल, मागच्याने हॉर्न वाजवला. जबडा आवळला. घरी येऊन आईवर खेकसलो. दुपारचा डबा तसाच राहिला होता.’ मेख बहुतेकदा या शेवटच्या ओळीत असते. ‘असं का वागलो?’ विचारलं की मन लगेच स्वतःची वकिली सुरू करतं; ‘काय, कधी, कुठे’ला तेवढी पळवाट नाही.

रविवारी सातही नोंदी वाचून परत परत येणाऱ्या शब्दाखाली लाल रेघ ओढा. उपाशीपण तीनदा दिसलं, तर स्वभावाला नावं ठेवण्याआधी डबा वेळेवर खा. पहिल्याच रात्री तीन पानं लिहू नका, तो उत्साह आठवडाभर टिकत नाही. एखादा दिवस चुकला तर मागची भरपाईही नको. आजची तारीख घाला आणि पुढचं पान.